बोरिवलीतून कान्हेरी : एका दिवसात डोंगरावरचा विहार कसा पाहावा

बेळगाव, निपाणी, इंदूर, बडोदा, हैदराबाद इथून मुंबईला जाणाऱ्या मराठी माणसाचं मुंबईतलं काम ठरलेलं असतं. कुणाचं लग्न, कुणाची इस्पितळातली तारीख, कुणाची मुलाखत. मध्ये एखादा दिवस मोकळा मिळाला की गेटवे, चौपाटी आणि खरेदी यातच तो संपतो. शहराच्या हद्दीतच, लोकल गाडीच्या स्टेशनपासून सात-आठ किलोमीटरवर, जवळपास हजार वर्षं नांदता असलेला एक बौद्ध मठ डोंगरात कोरलेला आहे, हे बहुतेकांना ऐकून माहीत असतं. तिकडे जाणारे मात्र कमी. जे जातात त्यातले निम्मे तास-दीड तासात मोठी मूर्ती बघून, फोटो काढून खाली उतरतात. कान्हेरीला पुरा दिवस द्यावा लागतो, आणि काय बघायचं हे आधी माहीत असलं तरच तो दिवस सार्थकी लागतो.

डोंगर एकटा नव्हता

कान्हेरी म्हणजे कृष्णगिरी, काळा डोंगर. प्राकृत लेखांत त्याचं नाव ‘कण्हसेल’ असंही येतं. लेणी शंभराहून जास्त आहेत. इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांपासून ती खोदायला लागले आणि अकराव्या शतकापर्यंत इथे जाग होती. इतकी लेणी एकाच डोंगरावर असलेली ठिकाणं देशात फार थोडी.

मठ म्हटला की जगापासून लांब, माणसांपासून तुटलेली जागा डोळ्यांपुढे येते. कान्हेरीचं तसं नव्हतं. एका बाजूला सोपारा, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याजवळचं जुनं बंदर. दुसऱ्या बाजूला कल्याण. खाली चेऊल. नाणेघाटातून आणि नाशिककडून उतरणारा माल याच बंदरांत यायचा. भिक्षूंना शांतता हवी होती, पण भिक्षेचं गाव चालत गाठता यावं इतकं जवळही हवं होतं. डोंगर निवडताना दोन्हीचा विचार केलेला दिसतो.

याचा पुरावा लेण्यांच्या भिंतींवरच आहे. इथले बरेचसे लेख ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत आहेत, आणि त्यात राजांपेक्षा साधी धंदेवाली माणसं जास्त भेटतात. कल्याणचा सोनार, कल्याणचाच लोहार, सोपाऱ्याचा मणिकार, सुगंधी द्रव्यं विकणारा गंधी, व्यापारी, गृहिणी, भिक्षुणी. कुणी एक खोली दिली, कुणी पाण्याचं टाकं, कुणी बसायचा ओटा. ज्याची जशी ऐपत. आज गावातल्या देवळात फरशीवर, पंख्यावर देणगीदाराचं नाव असतं, तसाच हा प्रकार.

भाषेची गंमतही इथेच कळते. या लेखांत खोदलेल्या निवासाला ‘लेण’ म्हणतात. आपण आजही लेणंच म्हणतो. नाशिकच्या लेखांत खोलीला ‘ओवरक’ हा शब्द आहे, तो आपल्या देवळातल्या ओवरीचा पूर्वज. पाण्याच्या टाक्याला ‘पोढी’ म्हणत. राज्यांच्या सीमा कितीही वेळा हलल्या तरी घरातले शब्द मुक्काम सोडत नाहीत, हे सीमाभागातल्या वाचकाला वेगळं सांगायला नको.

मठाचा जमाखर्च

शेकडो भिक्षू डोंगरावर राहायचे तर त्यांचं भागत कसं होतं? भिक्षा रोजच्या जेवणापुरती. कपडे, पावसाळ्यातली सोय, डागडुजी यांना कायमचं उत्पन्न लागणारच. त्यासाठी ‘अक्षयनीवी’ नावाची सोय होती. नीवी म्हणजे मूळ भांडवल. त्याला हात लावायचा नाही, त्यातून येणाऱ्या उत्पन्नावर खर्च चालवायचा. आजच्या ट्रस्टचा कायम निधी याच तत्त्वावर चालतो.

ही व्यवस्था आकड्यांसकट समजून घ्यायची तर कान्हेरीपासून थोडं बाजूला, नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या १० क्रमांकाच्या लेण्याकडे जावं लागतं. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने तिथे ३,००० कार्षापण दिले आणि ते गोवर्धन इथल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवले. २,००० एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने. १,००० दुसरीकडे, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. पहिल्या रकमेच्या व्याजातून लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी द्यायचे. हिशेब करून बघा : २,००० वर वर्षाचे १२ टक्के म्हणजे २४०, आणि वीस जणांना बाराप्रमाणे २४०. पैसुद्धा इकडेतिकडे नाही. हा करार भिंतीवर कोरला, म्हणजे कागद हरवला असं म्हणायची सोयच ठेवली नाही.

कान्हेरीतल्या लेखांतही अक्षयनीवी पुन्हा पुन्हा येते, फक्त इथे रोख रकमेबरोबर शेतंही दिलेली आहेत. शेताच्या उत्पन्नातून चीवराचा खर्च. यातल्या एका शेताचं गाव ‘मंगलठाण’ असं दिलं आहे, आणि ते म्हणजे बोरिवलीतलं आजचं मागाठाणे असं अभ्यासक मानतात. मागाठाणे आता मेट्रोचं स्टेशन आहे. मेट्रोने येणारा प्रवासी त्या स्टेशनावरून जातो तेव्हा खाली उंच इमारती दिसतात. डोंगरावरच्या भिक्षूंच्या कपड्यांचा खर्च त्याच मातीतून निघत होता.

आधी पाणी बघा

कान्हेरीला मूर्ती भरपूर आहेत, पण अजिंठा-वेरूळ बघून आलेला माणूस मूर्तीकामावरून इथे नाक मुरडू शकतो. त्याने पाणी बघावं. त्यात कान्हेरीचा हात धरणारं दुसरं ठिकाण सांगणं अवघड आहे.

जवळपास प्रत्येक लेण्याच्या अंगणात बाजूला एक टाकं खोदलेलं आहे. लेण्याच्या कपाळावर, म्हणजे दर्शनी भागाच्या वर, खडकात पन्हळ कोरलेली दिसते. पावसाचं पाणी त्या पन्हळीने वळून दारावर न पडता बाजूच्या टाक्यात जातं. डोंगरमाथ्यावर चालताना पायाखाली अशा पन्हळी दिसत राहतात. वरच्या ओढ्यावर पाणी अडवायला घातलेल्या बांधाचे अवशेषही आहेत. कोकणात चार महिने धो धो पाऊस आणि आठ महिने कोरडे. त्या आठ महिन्यांची तजवीज इथे प्रत्येक घराच्या दारात आहे, आणि हा मठ इतकी शतकं टिकला त्याचं मोठं कारण हेच. काही टाक्यांत उन्हाळ्यातही पाणी दिसतं. ते प्यायचं मात्र नाही.

एका टाक्याची गोष्ट तर खास लक्षात ठेवण्यासारखी. ५ क्रमांकाच्या लेण्याजवळच्या टाक्यावर संस्कृत लेख आहे. शतेरक नावाच्या अमात्याने ते टाकं दिलं. लेखात वासिष्ठीपुत्र सातकर्णी या सातवाहन राजाच्या राणीचा उल्लेख येतो आणि ती कार्दमक कुळातली, एका महाक्षत्रपाची मुलगी असल्याचं सांगितलं आहे. महाक्षत्रपाचं नाव तुटलं आहे, ‘रु’ एवढंच अक्षर उरलं. अभ्यासकांनी ते रुद्रदामन असं वाचलं. हा रुद्रदामन गुजरात-माळव्याचा शक राजा. त्याचा इ.स. १५० च्या सुमाराचा मोठा लेख जुनागढला गिरनारच्या पायथ्याशी आहे. त्यात तो म्हणतो की दक्षिणापथाच्या सातकर्णीला आपण दोनदा हरवलं, पण जवळचं नातं असल्यामुळे त्याला संपवलं नाही. ते नातं कोणतं, याचा धागा कान्हेरीच्या टाक्यावर मिळतो. सीमेवर लढाई आणि घरात सोयरीक, दोन्ही एकदम चाललेलं. बडोद्याच्या आणि इंदूरच्या वाचकांनी हे टाकं चुकवू नये.

चैत्यगृह आणि वरची लेणी

सगळे थांबतात ते ३ क्रमांकाच्या लेण्यापाशी, आणि तिथे थांबायलाच हवं. हे इथलं मोठं चैत्यगृह, म्हणजे सामुदायिक वंदनेची जागा. आत दोन्ही बाजूंनी खांबांच्या रांगा, टोकाला स्तूप. एकूण ३४ खांब. नमुना कार्ल्याचा, पण कार्ल्याची सफाई इथे नाही. खांब नीट बघितले तर काहींचे शिरोभाग पूर्ण कोरलेले, हत्ती-माणसांसकट, आणि काही नुसते अठपैलू दांडे ठेवून दिलेले. पैसा संपला, कारागीर गेले की राजवट बदलली, कारण काहीही असो, अर्धं राहिलेलं काम समोर उभं आहे. दोघा व्यापारी भावांनी हे काम करवल्याचा, यज्ञश्री सातकर्णीच्या काळातला लेख इथेच आहे, म्हणजे इसवी सनाचं दुसरं शतक. व्हरांड्यातल्या दोन्ही टोकांच्या उभ्या बुद्धमूर्ती प्रचंड आहेत, माणसाच्या जवळजवळ चौपट. त्या मूळ कामातल्या नाहीत, दोन-तीनशे वर्षांनी नंतर कोरलेल्या.

११ क्रमांकाला ‘दरबार’ म्हणतात. नाव फसवं आहे, दरबार वगैरे काही नाही. आत जमिनीलगत दोन लांबच लांब दगडी ओटे आहेत. भिक्षूंनी ओळीने समोरासमोर बसायची ही जागा. वेरूळच्या ५ क्रमांकाच्या लेण्यात असेच ओटे आहेत.

इथून पुढे पायऱ्या चढायला लागतात आणि गर्दी एकदम विरळ होते. वरची लेणी म्हणजे घरं. व्हरांडा, एक खोली, आत झोपायचा दगडी ओटा, अंगणात टाकं, बसायला कट्टा. कट्ट्यावर बसलं की समोर झाडी. एका माणसाला लागतं किती, याचं माप इथे दिसतं. ३४ क्रमांकाच्या लेण्यात छताकडे बघायला विसरू नये : तिथे बुद्धाचं रंगीत चित्र आहे, आणि तेही अपुरं. डोळे अंधाराला सरावायला दोन मिनिटं द्यावी लागतात. ४१ क्रमांकात अकरा मुखांचा अवलोकितेश्वर आहे. एवढ्या जुन्या काळातली अशी मूर्ती भारतात फारच दुर्मीळ.

८७ क्रमांकाच्या आसपास खडकाच्या लांब कपारीत विटांच्या स्तूपांचे अवशेष आहेत. ही मठाची स्मशानभूमी. इथे सापडलेल्या लेखांत थोर भिक्षूंची नावं आहेत. तिथे फार कुणी जात नाही, गेल्यास आवाज कमी ठेवावा.

नंतरचे पाहुणे

नवव्या शतकात उत्तर कोकणात शिलाहार होते आणि त्यांचे धनी राष्ट्रकूट. राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातलं मळखेड. कान्हेरीच्या लेखांत अमोघवर्षाचं नाव सम्राट म्हणून येतं, पुल्लशक्ती आणि कपर्दी हे शिलाहार त्याच्या हाताखालचे. त्यातला एक लेख शके ७९९ चा, म्हणजे इ.स. ८७७ चा. दान देणाऱ्यांत एकजण थेट गौड देशातून, म्हणजे बंगालकडून आलेला. एक डोंगर, पण मळखेडपासून बंगालपर्यंतची माणसं त्याच्या खातेवहीत.

९० क्रमांकाच्या लेण्यातले लेख आणखी वेगळे. ते पहलवी लिपीत आहेत, इ.स. १००९ आणि १०२१ सालचे, आणि लिहिणारे पारशी. मजकूर साधा आहे : अमुक तारखेला अमुक-अमुक मंडळी इथे आली. आजच्या भाषेत सांगायचं तर कान्हेरीच्या सहलीची ही सर्वांत जुनी नोंदलेली तुकडी. (याचा अर्थ आपणही भिंतीवर नाव कोरावं असा नाही. संरक्षित स्मारकावर तो गुन्हा आहे, आणि तरी बदामात बाण काढलेली नावं काही लेण्यांत दिसतातच.)

सोळाव्या शतकात साष्टी पोर्तुगिजांकडे गेली तेव्हा चैत्यगृहाचं काही काळ चर्च झालं. गोव्याच्या दफ्तरखान्याचा प्रमुख असलेला इतिहासकार दिओगो दो कूतो याने कान्हेरीचं वर्णन लिहून ठेवलं आहे. डोंगराखालून न संपणारं भुयार आहे आणि एक पाद्री त्यात कित्येक दिवस चालत होता, अशी गोष्ट त्यात आहे. असं भुयार कुणाला सापडलेलं नाही. प्रत्येक किल्ल्यावर गाइड सांगतो त्याच जातीची ही गोष्ट, फक्त चारशे वर्षं जुनी.

जायचं कसं

लेणी संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या आत आहेत. बडोदा, इंदूरकडून पश्चिम रेल्वेने येणाऱ्या लांब पल्ल्याच्या बऱ्याच गाड्या बोरिवलीला थांबतात, त्यांना मुंबईत शिरायचीही गरज नाही. बेळगाव, हैदराबादकडून येणाऱ्यांनी दादरला उतरून पश्चिम मार्गाची लोकल धरावी. कोकण रेल्वेने गोव्याहून ठाण्याला उतरणाऱ्यांना घोडबंदर रस्त्याने बोरिवलीची बस मिळते. मेट्रोने यायचं तर ७ क्रमांकाच्या मार्गावर ‘राष्ट्रीय उद्यान’ असंच स्टेशन आहे. बोरिवली स्टेशनच्या पूर्वेकडून उद्यानाचं गेट चालत पंधरा-वीस मिनिटं.

सोमवारी उद्यान बंद असतं, तारीख ठरवताना हे आधी बघावं. गेटपासून लेणी साधारण सहा किलोमीटर आत आहेत. उद्यानाची बस असते, सायकलीही भाड्याने मिळतात. शेवटचा टप्पा चढाचा आहे, सायकल घेणाऱ्याने आपल्या गुडघ्यांचा अंदाज घेऊनच घ्यावी. खासगी गाडीचे नियम बदलत राहतात, त्यामुळे गाडी बाहेर ठेवून बसनेच जाणं बरं. तिकिटं दोन : गेटवर वनविभागाचं, लेण्यांपाशी पुरातत्त्व खात्याचं. पहिलं काढलं म्हणजे झालं असं समजून सुटे पैसे संपवू नयेत. बसमधून उतरताक्षणी परतीची शेवटची बस किती वाजता, एवढं ड्रायव्हरला विचारून ठेवावं.

सकाळी गेट उघडताच आत शिरणं सगळ्यात चांगलं. आधी थेट वर चढून घ्यावं, ऊन चढेपर्यंत वरची लेणी आणि टाकी बघावीत, आणि चैत्यगृह व दरबार दुपारसाठी ठेवावेत, कारण तिथे आत सावली आणि गारवा असतो. बहुतेक लोक उलटं करतात आणि उन्हात अर्ध्या पायऱ्यांवरून परत फिरतात.

बरोबर म्हातारी माणसं असतील तर पहिली चार लेणी आणि दरबार एवढंच ठरवून जावं. तेवढ्यालाही पायऱ्या आहेत, पण सावकाश जमतात. वरचा डोंगर त्यांच्यासाठी नाही, कठडे सगळीकडे नाहीत. एकाने खाली त्यांच्याजवळ थांबायचं आणि बाकीच्यांनी वर जाऊन यायचं, असं आधीच ठरलं तर वाद होत नाहीत.

पाणी भरपूर आणि शक्यतो धातूच्या बाटलीत न्यावं, प्लास्टिक गेटवर अडवलं जाऊ शकतं. खाणं पिशवीच्या तळाशी. माकडं इतकी सराईत आहेत की चिप्सच्या पाकिटाचा आवाज त्यांना लांबून कळतो. लेण्यांच्या वाटेवर पाड्यांवरच्या बायका काकडी, कैरी, आवळे तिखटमीठ लावून विकतात, त्याच्यापुढे घरून नेलेल्या डब्याची आठवण होत नाही. पायात चप्पल नको, पकड असलेले बूट हवेत.

पावसाळ्यात कान्हेरी सगळ्यात देखणी दिसते आणि सगळ्यात धोक्याचीही तेव्हाच असते. ओढे अचानक फुगतात, शेवाळलेला खडक पाय ठरू देत नाही. पन्हळी आणि टाकी काम करताना बघायची असतील तर हाच मोसम, पण ओढ्यात उतरायचं नाही आणि बंद केलेल्या वाटेने जायचं नाही. जंगलात बिबटे आहेत, म्हणून वाट सोडून झाडीत शिरू नये आणि संध्याकाळ व्हायच्या आत बाहेर पडावं. महाशिवरात्रीला इथे लोटणारी गर्दी हा वेगळाच प्रकार असतो, जादा बस सोडाव्या लागतात. लेणी बघायची असतील तर तो दिवस टाळावा. नोव्हेंबर ते फेब्रुवारीतला मधला वार उत्तम.

लहान मुलं असतील तर खालच्या भागातली छोटी रेल्वे, तळ्यातली होडी असं काय-काय चालू आहे ते गेटवर विचारून घ्यावं, पण ते परतताना. जाताना मुलं तिथे अडकली की लेणी राहिली म्हणून समजा.

परतीला दादरकडे जायचं असेल तर संध्याकाळच्या गर्दीची फार धास्ती नको. त्या वेळी माणसांचा लोंढा चर्चगेटकडून बोरिवलीकडे येत असतो, उलट दिशेला बसायला जागा मिळते. शिवाय बऱ्याच लोकल बोरिवलीहूनच सुटतात.